पोलिसांना बोलवायचं का?

घरातलं माणूस बिथरलं तर पोलिसांना बोलवावं का, हा प्रश्न बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात विचारला जातो, आणि बहुधा दबक्या आवाजातच विचारला जातो. त्याच्या पोटात आणखी चार प्रश्न असतात. मारतील का? लॉकअपमध्ये टाकतील का? केस होईल का? आणि गावात नाव होईल ते वेगळंच, मग बहिणीच्या सोयरिकीचं काय? ही भीती खोटी नाही. पण तिच्यामुळे जे माणूस दोन तासांत दवाखान्यात पोचायला हवं, ते दोन-दोन वर्षं पोचत नाही.

या प्रकरणात आपण नेकनूर डोळ्यांसमोर ठेवू. मांजरसुंब्याला धुळे-सोलापूर महामार्ग सोडून केजच्या दिशेने वळलं की लागणारं, बीड तालुक्यातलं हे बाजाराचं मोठं गाव. इथं पोलीस ठाणं आहे, सरकारी रुग्णालय आहे, आठवडी बाजाराला आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून माणसं येतात. मानसोपचाराचा विभाग मात्र पंचवीस-तीस किलोमीटरवर बीडच्या जिल्हा रुग्णालयात, नाहीतर त्याच्या दुपटीहून लांब अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात. महाराष्ट्रातली शेकडो मोठी गावं अशीच आहेत. म्हणून नेकनूरला जे लागू, ते त्या सगळ्यांना लागू.

१. आधी पोलीसच का येतात?

ताप आला की दवाखाना, हे कुणाला सांगावं लागत नाही. मन बिघडलं की मात्र घरातली माणसं आधी देवाधर्माचं बघतात. बाहेरची बाधा आहे, कुणीतरी करणी केली आहे, असं ठरतं आणि त्यात महिने जातात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. पाहणीच्या वेळी देशातल्या प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता. त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. आजारागणिक उपचारांवाचून राहिलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के होतं.

आजार घरात मुरत राहतो आणि एका रात्री उफाळून येतो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसतो, बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, शेवटची एसटी गेलेली असते. रात्री दोनला दार उघडं असलेलं सरकार म्हणजे पोलीस ठाणं. म्हणून ११२ फिरवला जातो किंवा पोलीस पाटलाला उठवलं जातं. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याखाली नेमलेला पोलीस पाटील हा गाव आणि ठाणं यांच्यातला दुवा, आणि गावात कुणाच्या घरी काय चाललं आहे हे त्याला बरंचसं माहीत असतं.

बीड जिल्ह्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. दिवाळीच्या सुमाराला इथून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पुढचे पाच-सहा महिने गावात म्हातारीकोतारी, शाळकरी मुलं आणि ज्यांना फडावर नेता येत नाही असे आजारी मागे उरतात. गोळ्या आणणारा, वेळेवर देणारा कर्ता माणूस कोयता घेऊन कारखान्यावर गेलेला असतो. गोळ्या तुटतात. मग माघ-फाल्गुनात कधीतरी आजार उलटतो, आणि आवरायला घरात सत्तर वर्षांच्या आईशिवाय कुणी नसतं. अशा घरातून गेलेल्या फोनवर पोलीस आले नाहीत, तर दुसरं कोण येणार?

२. आणीबाणी कशाला म्हणायचं?

मानसिक आजार असलेला प्रत्येक माणूस पोलिसांचा विषय नसतो, हे सगळ्यात आधी सांगायला हवं. नैराश्य, चिंता, संशयाचे आजार घेऊन लाखो माणसं शेती करतात, शाळेत शिकवतात, संसार करतात. गंभीर मनोविकार असलेल्या माणसांनीसुद्धा दुसऱ्यावर हात टाकण्यापेक्षा दुसऱ्याचा मार खाण्याची शक्यता जास्त असते. 'वेडा म्हणजे धोकादायक' ही समजूत काढून टाकल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळणार नाही.

आणीबाणी तीन प्रसंगी म्हणावी. माणूस जीव देण्याच्या बेतात असेल तेव्हा. आजाराच्या भरात त्याच्या हातून दुसऱ्याला इजा होईल असं दिसत असेल तेव्हा. आणि स्वतःला सांभाळण्याचं भान इतकं गेलं असेल, की तो उपाशी, उघडा, महामार्गाच्या मधोमध चालतो आहे, तेव्हा.

बिथरण्यामागे दरवेळी मनाचाच आजार असतो असंही नाही. साखर एकदम उतरलेला मधुमेही असंबद्ध बोलतो, शिव्या देतो. डोक्याला मार लागलेला, मेंदूज्वर झालेला, चैत्र-वैशाखाच्या उन्हात उष्माघात झालेला माणूसही तसाच वागतो. यांतलं पोलिसांनी नेहमी लक्षात ठेवावं असं एक म्हणजे दारू तुटण्याचा झटका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली, की साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, भिंतीवर किडे चालताना दिसतात, फिट येते. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. आता कोठडीचा विचार करा. भांडणाच्या गुन्ह्यात सोमवारी रात्री अटक झालेला, कोर्टाने कोठडी दिलेला माणूस बुधवारी गजांशी उभा राहून नसलेल्या माणसांशी बोलू लागला, तर पहाऱ्यावरचा शिपाई 'नाटकं करतोय' म्हणून सोडून देण्याची शक्यता मोठी. प्रत्यक्षात तो जिवाच्या धोक्यात असतो. मानसिक आरोग्याच्या आजच्या कायद्याच्या व्याख्येतही दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था आजारात मोजल्या आहेत. मतिमंदत्व मात्र त्या व्याख्येत धरलेलं नाही.

मग साध्या हवालदाराने हे सगळं ओळखायचं कसं? ओळखायची गरजच नाही. साप चावलेल्याला दवाखान्यात नेणाऱ्याला साप ओळखावा लागत नाही. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालते. नेणाऱ्याने वेळ दवडायचा नाही आणि वाटेत मांत्रिकाकडे थांबायचं नाही, एवढंच. पोलिसाचंही तसंच आहे. 'हा माणूस आजारी असावा आणि त्याला किंवा दुसऱ्याला धोका आहे' एवढं त्याला वाटलं की पुरे. नाव काय द्यायचं ते डॉक्टर बघतील.

३. कोर्टाची वाट सुटली, दवाखान्याची लागली

इंग्रजांच्या काळातला १९१२ चा कायदा होता. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलीस अटक करू शकत, आणि मग त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करत. तिथून वेड्यांच्या इस्पितळात. स्वातंत्र्यानंतरही चाळीसहून जास्त वर्षं हेच चाललं. १९८७ चा कायदा आला आणि तो १९९३ पासून लागू झाला. त्यात पोलिसांनी रुग्णाला संरक्षणाखाली घ्यायचं होतं. तरी २४ तासांच्या आत न्यायचं होतं ते मॅजिस्ट्रेटकडेच. म्हणजे जिवाच्या आकांताने ओरडणारा आजारी माणूस आधी कोर्टाच्या व्हरांड्यात आणि मग, हुकूम मिळाला तर, दवाखान्यात. गावात 'पोलीस आले म्हणजे केस झाली' हे डोक्यात बसलं ते उगीच नाही. दोन पिढ्यांनी तेच पाहिलं होतं.

संसदेने २०१७ मध्ये मानसिक आरोग्य सेवा कायदा केला, तो २०१८ मध्ये लागू झाला, आणि ही वाट बदलली. आता २४ तासांच्या आत न्यायचं ते डॉक्टरकडे. या वाटेतून कोर्ट निघून गेलं. माझ्या मते या कायद्यातला खेड्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल हाच आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलं आहे.

४. कलम १०० काय सांगतं?

या कायद्याचं शंभरावं कलम पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यासाठी लिहिलेलं आहे. एक उदाहरण घेऊन ते समजून घेऊ.

समजा, बाजारच्या दिवशी सकाळी अकराला नेकनूरच्या बाजारात एक अनोळखी माणूस दिसतो. दाढी वाढलेली, अंगावर एकावर एक तीन शर्ट, भर गर्दीत स्वतःशी बोलतोय, मधेच कुणाच्या पाटीतला टोमॅटो उचलून खातोय. पोरं खडे मारतात. कुणीतरी म्हणतं, मुलं पळवणारा असेल. ही कुजबुज पोलिसाने कधीच हसण्यावारी नेऊ नये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशीच, अशाच अफवेवरून भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ती माणसं धडधाकट होती, बोलून सांगू शकत होती, तरी वाचली नाहीत. ज्याला स्वतःचं नावही सांगता येत नाही त्याची काय कथा?

तर बीट अंमलदार त्या माणसाला गर्दीतून बाहेर काढतो. हे संरक्षण आहे, अटक नाही. तो आरोपी नसल्याने बेड्यांचा प्रश्न येत नाही. आपल्याला का नेलं जात आहे हे त्याला सांगायचं. त्याला समजण्यासारखी अवस्था नसेल आणि त्याचा कुणी प्रतिनिधी असेल, तर त्या प्रतिनिधीला सांगायचं. मग जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. कायद्यात इथं मनोरुग्णालय असा शब्द नाही, हे नीट वाचा. येरवड्याला नाही, अंबाजोगाईला नाही. नेकनूरच्या हद्दीत सापडलेल्याला नेकनूरच्या सरकारी रुग्णालयात नेलं, की कायद्याने पोलिसांचा पहिला टप्पा पुरा होतो. पुढची तपासणी घडवून आणण्याची जबाबदारी तिथल्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याची. तिथं मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर तो कुठून आणायचा किंवा रुग्णाला कुठं पाठवायचं, हे आरोग्य खात्याने बघायचं.

मुदत किती? सकाळी अकराला घेतला तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा ही शेवटची वेळ. पण कायदा 'शक्य तितक्या लवकर' म्हणतो आणि मग २४ तासांची कड घालतो. गावातल्या गावात रुग्णालय असताना संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवणं या कलमात बसत नाही. लॉकअपबद्दल तर कायद्याची भाषा एकदम निर्वाणीची आहे: संरक्षणाखाली घेतलेल्या माणसाला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. रात्र झाली, गाडी नाही, माणूस कमी आहे, यांपैकी एकही सबब इथं चालत नाही.

डॉक्टरने तपासून 'भरती करण्याइतका आजार नाही' असं कळवलं, तर पोलिसांनी त्याला घरी पोचवायचं. बेघर असेल तर बेघरांसाठीच्या सरकारी निवाऱ्यात. आणि भटकणाऱ्या किंवा बेघर रुग्णाच्या बाबतीत शेवटचं, फार महत्त्वाचं काम उरतं: हरवलेल्या माणसाची खबर म्हणून नोंद घ्यायची आणि त्याच्या घरच्यांचा शोध लावायचा. हे ऐच्छिक नाही, ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे.

हा शोध कसा लागतो, ते जवळून पाहण्यासारखं आहे. रुग्णालयात आंघोळ घालताना मनगटावर गोंदलेलं नाव दिसतं. दंडातल्या ताइताच्या दोऱ्याची गाठ, खिशातला चुरगळलेला एसटीचा कागद, तंबाखूच्या पुडीवरची लिपी, चपलेवरचा दुकानाचा शिक्का. माणूस बोलत नसला तरी तेलुगूत हाक मारली की मान वळवतो. ठाण्यातल्या मदतनिसाने चौकशीत हे सगळं लिहून घेतलं आणि देशभरातली ठाणी जोडणाऱ्या सीसीटीएनएस या संगणक यंत्रणेत टाकलं, तर दूरच्या एखाद्या ठाण्यात वर्षापूर्वी आईने दिलेल्या हरवल्याच्या तक्रारीशी ते जुळू शकतं. दोन्ही टोकांना नोंद असली तरच. एका टोकाला नोंदच घेतली नाही, तर आई आयुष्यभर वाट बघत बसते.

याच्या उलटही पाहायला मिळतं. 'आपली ब्याद' शेजारच्या हद्दीत नेऊन सोडायची, किंवा लांबच्या एसटीत बसवून द्यायचं, ही जुनी पळवाट. कागदावर काही राहत नाही आणि माणूस घरापासून आणखी दोनशे किलोमीटर लांब जातो. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्यासाठी डॉ. भरत वटवानी आणि डॉ. स्मिता वटवानी यांनी १९८८ मध्ये श्रद्धा पुनर्वसन फाउंडेशन सुरू केलं. कर्जतच्या त्यांच्या केंद्रातून हजारो माणसं देशाच्या कानाकोपऱ्यांत आपापल्या घरी गेली, आणि २०१८ मध्ये डॉ. भरत वटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नगर जिल्ह्यातल्या शिंगव्यात डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची माऊली संस्था रस्त्यावर सापडलेल्या निराधार मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळते. औषधं सुरू झाल्यावर काही आठवड्यांत माणूस स्वतःचं नाव, गाव, बायकोचं माहेर सांगू लागतो, हे अशा संस्थांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. ज्याला आपण हद्दीबाहेर सोडतो, तो कुणाचा तरी हरवलेला मुलगा असतो.

५. घरातून फोन आला तर

घरातला प्रसंग बाजारातल्यापेक्षा अवघड. तिथं दार आतून बंद असतं, आत कदाचित विळा असतो आणि बाहेर निम्मी वस्ती जमलेली असते.

इथं पोलिसाचं सगळ्यात उपयोगाचं हत्यार म्हणजे वेळ. सायरन आणि दिवा बंद करावा. गर्दी हटवावी, मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांना आधी. बोलायला एकच माणूस पुढे व्हावा. चार जण चार बाजूंनी ओरडले की बिथरलेल्याला ते चार शत्रू वाटतात. दोन हातांपेक्षा जास्त अंतर ठेवावं, आपले हात त्याला दिसू द्यावेत, त्याला बाहेर पडायची वाट अडवू नये. 'काय नाव तुझं, बाळा? पाणी पितोस का?' इथून सुरुवात करावी. शेजारी आपल्या जेवणात विष कालवतात असं तो म्हणाला, तर 'काहीतरीच काय' म्हणून वाद घालू नये आणि 'हो, आम्ही त्यांना पकडतो' असंही म्हणू नये. 'तुला भीती वाटतेय, ते दिसतंय मला. आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी सोबत येतो,' एवढं खरं आहे आणि एवढंच पुरतं. 'लग्नाला जायचंय' असं खोटं सांगून गाडीत घातलेला रुग्ण पुढच्या वेळी कुणावरच विश्वास ठेवत नाही. घरात बाई रुग्ण असेल तर महिला पोलीस सोबत असावी.

धरावंच लागलं तर धरावं, पण छातीवर बसू नये, तोंडावर पालथं दाबून ठेवू नये. घाबरलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाचा श्वास तेवढ्याने बंद पडू शकतो.

दवाखान्यात पोचल्यावर काय? कायद्याच्या ९४ व्या कलमाप्रमाणे मानसिक आणीबाणीत कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर जास्तीत जास्त ७२ तास तातडीचा उपचार करू शकतो. घरचा प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. या उपचारासाठी मानसोपचारतज्ज्ञच असायला हवा असं नाही. या तातडीच्या उपचारात विजेचे झटके देता येत नाहीत. आणि जवळच्या मानसोपचार केंद्रापर्यंतची वाहतूक उपचारातच धरली आहे. 'एकदा नेलं की कायमचं कोंडतील' ही भीतीही अनाठायी. रुग्णाच्या संमतीशिवाय भरती करायची तर एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि आणखी एका तज्ज्ञाने किंवा डॉक्टरने स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि ती भरती पहिल्यांदा ३० दिवसांपर्यंतच असते. रुग्णाला फुकट कायदेशीर मदत मिळते, हे त्याला सांगणंसुद्धा पोलिसांवर बंधनकारक आहे.

६. गोठ्यातला साखळदंड

काही घरांतून फोन येतच नाही. रुग्णाला गोठ्यालगतच्या खोलीत, खुंट्याला बांधून ठेवलेलं असतं. बांधणारे क्रूर असतात असं नाही. थकलेले, उपाय संपलेले असतात. सहा वर्षं रात्र-रात्र जागलेल्या आईला दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण बांधलेल्या माणसाचे हाल त्याने कमी होत नाहीत.

शेजाऱ्याने, ग्रामसेवकाने, आशाताईंनी, कुणीही पोलिसांना कळवावं. कलम १०१ सांगतं, की घरात मनोरुग्णाची हेळसांड किंवा छळ होतो असं वाटलं, तर ठाण्याच्या प्रमुखाने ताबडतोब मॅजिस्ट्रेटला कळवायचं. मॅजिस्ट्रेट तपासणीसाठी दवाखान्यात दहा दिवसांपर्यंत ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला हा कायदा मनाई करतो. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेल्या २८ रुग्णांना पळता आलं नाही. त्यात त्यांचा मृत्यू झाला. तरीही उत्तर प्रदेशातल्या एका धार्मिक ठिकाणी बांधलेल्या रुग्णांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलंच, आणि २०१९ मध्ये न्यायालयाला साखळ्या अमानुष असल्याचं पुन्हा सांगावं लागलं.

भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली आणि त्यांच्या खुनानंतर तो कायदा आला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. इथं पोलिसांनी गुन्हा दाखल करावा तो धुरी देणाऱ्या बाबावर. घरच्यांना मात्र दवाखान्याची वाट दाखवावी.

७. जीव देण्याचा प्रयत्न केला तर केस होते का?

नाही. २०१७ च्या कायद्याने असं गृहीत धरलं, की जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता. त्याच्यावर खटला चालवायचा नाही, त्याला मदत द्यायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जीव देण्याचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलम उरलंच नाही. तरीही पोलीस रुग्णालयात जबाब घ्यायला येतात, ते कुणी छळलं किंवा प्रवृत्त केलं का हे पाहण्यासाठी. हे माहीत नसल्याने कित्येक नातेवाईक 'केस होईल' म्हणून सरकारी दवाखाना टाळतात आणि मोलाचे तास घालवतात. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या आपल्या जिल्ह्यात ही एक गोष्ट प्रत्येक घराला माहीत असायला हवी.

एक अपवाद राहिला. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला असा प्रयत्न नव्या संहितेच्या कलम २२६ प्रमाणे गुन्हा आहे. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी जवळ आली की जिल्हाधिकारी कार्यालयात आत्मदहनाच्या इशाऱ्याची निवेदनं येतात आणि फाटकाशी पोलीस घोंगडी आणि पाणी घेऊन उभे राहतात; तिथं झालेला प्रयत्न या कलमात बसू शकतो. पण फाटकाशी आलेला माणूसही बहुधा सगळीकडून हरलेला असतो. त्याची मागणी ऐकून घेणं आणि त्याला डॉक्टरसमोर बसवणं कलमाच्या आड येत नाही.

८. गाडी अडते कुठं?

कायदा एवढा नीट असताना अनुभव वेगळा का येतो? पोलिसांच्या वागण्यात कमी आहेच. त्यांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यावं असं कायदा सरकारला सांगतो, आणि एका दिवसाच्या व्याख्यानाने ते साधत नाही. पण माझं मत असं, की गाडी अडते ती मुख्यतः दवाखान्याच्या दारात.

अमेरिकेत मेंफिस शहरात १९८७ मध्ये पोलिसांच्या गोळीने एक मानसिक रुग्ण तरुण मेला. लोक खवळले. पुढच्या वर्षी तिथं पोलीस, डॉक्टर आणि रुग्णांचे नातेवाईक यांनी मिळून एक पद्धत बसवली. स्वेच्छेने पुढे आलेल्या गस्तीच्या पोलिसांना ४० तासांचं प्रशिक्षण दिलं. ते गाजलं. त्यामागची दुसरी अट मात्र फारशी सांगितली जात नाही: पोलीस रुग्णाला घेऊन आले की दवाखान्याने परत पाठवायचं नाही, आणि पोलिसांना लवकर मोकळं करायचं. ही अट नसती तर ४० तास वाया गेले असते. इंग्लंडमध्ये पोलिसांनी २०२३ पासून जिवाला धोका नसेल अशा मानसिक आरोग्याच्या फोनवर जाणं कमी करत आणलं. हे काम आरोग्य खात्याचं, असं ते म्हणतात. तत्त्व बरोबर आहे. पण बीडमध्ये पोलीस मागे सरले तर त्यांच्या जागी आज कुणीच उभं नाही.

राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. त्यांतलं एकही मराठवाड्यात नाही. नेकनूरहून येरवडा सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात. रुग्णासोबत दोन शिपाई आणि गाडी गेली, की छोट्या ठाण्याचा दीड दिवस जातो. 'इथं सोय नाही, बीडला न्या', 'खाट नाही, अंबाजोगाईला न्या' असं दोनदा ऐकलेला अंमलदार तिसऱ्या वेळी फोन आला, की 'घरातलं भांडण आहे, मिटवा' म्हणतो. चूक त्याची आहेच, पण ती शिकवली आपल्या व्यवस्थेने. अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगावला वृद्धत्व आणि मानसिक आजारांसाठी इमारत उभी राहिली, २०२० मध्ये करोनाच्या साथीत तिथं कोविड रुग्णालय चाललं. इमारती आपल्याला उभ्या करता येतात. खरी गरज आहे ती तालुक्याच्या आणि मोठ्या गावाच्या सरकारी रुग्णालयात रात्रीही रुग्णाला शांत करणारं औषध, एक राखीव खाट आणि फोनवर मिळणारा तज्ज्ञ असण्याची. कलम १०० ने जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर टाकली आहे. त्या अधिकाऱ्याच्या हातात काही दिलं नाही, तर ते कलम कागदावरच राहील.

९. फोन करताना

११२ वर पोलीस मिळतात, १०८ वर रुग्णवाहिका. जिवाला धोका असेल तर दोन्हीकडे फोन करा. बोलताना 'भांडण चाललंय' असं सांगू नका; 'माणूस आजारी आहे, मानसिक आजार आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा. हातात काही आहे का, घरात आणखी कोण आहे, कोणती औषधं चालू होती, ती कधी तुटली, दारू पितो का, हे सांगा. धोका लगेचचा नसेल, नुसता सल्ला हवा असेल, तर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेल्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, आणि तिथं मराठीत बोलता येतं.

पोलीस आले आणि त्यांनी लॉकअपचा विषय काढला, तर न घाबरता, न भांडता सांगा: 'साहेब, कलम १०० प्रमाणे त्याला सरकारी रुग्णालयात न्यायचंय, आम्ही सोबत येतो.' ठाण्याच्या स्टेशन डायरीत नोंद झाली का आणि डॉक्टरांसाठी मेडिकल यादी, म्हणजे तपासणीचं पत्र, दिली का, ते विचारा. आणि मग घरातल्या एकाने त्याच गाडीत बसावं, नाहीतर लगोलग मागून जावं. जुनी चिठ्ठी आणि औषधांची रिकामी पाकिटं सोबत घेऊनच.